मान दाबून पाहणारी

माझ्या अंगात काय गुण आहे हे मला बाराव्या वर्षी कळलं. चाळिसाव्या वर्षी कळलं असतं तर दोन-चार माणसं वाचली असती, त्यात मीही होते.

गुण असा, की ढिगातला आतून सडलेला कांदा मला कळायचा. वरून लालबुंद, टणक, पापुद्रा कोरडा खुळखुळीत, बाजारात कुणीही खुशाल घेईल असा कांदा मी उचलायची, मानेपाशी अंगठा दाबायची आणि बाजूला फेकायची. आबांना पहिल्यांदा पटलं नाही. त्यांनी मी फेकलेले दहा कांदे विळीवर चिरले. नऊ आतून तपकिरी, चिकट. दहावा चांगला निघाला, तर मी म्हटलं, "अजून आठ दिस थांबा." आठ दिवसांनी त्याच्या जोडीला फेकलेला अकरावा नासला. तेव्हापासून आमच्या घरात माझ्या अंगठ्याला देवाच्या खालोखाल मान.

आमचं गाव भोसरी आणि चाकणच्या मधलं. कांदा चाकणला जायचा. पोत्यात एक जरी सडका निघाला, तरी तिथला व्यापारी चारचौघांत पोतं उलटं करायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडावर हसायचा. माझा अंगठा चालायला लागल्यापासून आबांचं पोतं कुणी उलटं केलं नाही. आबा लोकांना सांगायचे, "पोर न्हाई, तराजू हाय." मी पदरानं तोंड पुसायचं निमित्त करून हसू लपवायची. लपवायची म्हणजे काय, सगळ्यांना दिसेल असं लपवायची.

परवा माझी नात कंपनीतून एक कागद घेऊन आली. त्यावर लिहिलं होतं, आपलं बळ कशात आहे ते ओळखा आणि त्या वाटेनं जा. नात म्हणाली, "आजी, तू तरुणपणी असं काही केलं असतंस तर कुठच्या कुठं गेली असतीस." मी म्हटलं, बाई, मी तेच केलं. त्याच वाटेनं गेले. म्हणून तर सांगते, आधी वाट कुठं जाते ते विचार.

थोरली बहीण माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आम्ही तिला आक्का म्हणायचो. लहानपणी तिला मोठा ताप आला, त्यात डावा कान पार गेला आणि उजव्याला थोडंफार यायचं. घरात ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नसे. तिच्या कानात पडेल म्हणून नव्हे, शेजारणीच्या कानात पडेल म्हणून. आक्का कांदे निवडायला बसली की माझ्या तीन पाट्या व्हायच्या तेव्हा तिची एक. ती कांद्यांकडं बघायचीच नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची. मी तिला मठ्ठ समजायची. गिरणीवरून दळण घेऊन आली की गावातलं सगळं तिला ठाऊक असायचं, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेला मारलं, कोण कुणाला काय म्हणालं. त्या गिरणीवर तेलाचं इंजिन अशी धडधड करायचं की शेजारी उभं राहून बोंब मारली तरी कळू नये. मग हिला कसं कळतं? हा प्रश्न माझ्या तल्लख डोक्यात एकदाही आला नाही. तल्लख डोकं कांद्यात होतं.

कांद्यातून माणसांत मला आत्यानं आणलं. तिच्या मुलासाठी मुलगी बघायला जायचं होतं. मी पंधरा वर्षांची. आत्या आबांना म्हणाली, "तुझ्या धाकटीला घिऊन जाते. कांद्यातलं कळतं तर पोरीतलं न्हाई कळायचं व्हय?" सगळे हसले. मी हसले नाही. मला ते अगदी रास्त वाटलं.

पहिल्याच घरी मुलीची वेणी ढुंगणाच्या खाली. आत्या खूश. मी पाणी प्यायच्या मिषानं आत गेले, मुलीच्या मागं उभी राहिले, आणि वेणीच्या मुळाशी अंगठा दाबला. गंगावण. अर्धी वेणी दुसऱ्याच कुणाची. बाहेर येऊन आत्याच्या कानात सांगितलं. आत्यानं त्यांचा चहा तसाच ठेवला. परत येताना बैलगाडीत मला मांडीवर घेतलं तिनं, पंधरा वर्षांच्या घोडीला.

मग लोक न्यायला यायला लागले. लग्नसराई आली की कुणाची ना कुणाची गाडी दारात. मला चोळीचा खण मिळायचा, नारळ मिळायचा, आणि शिरा. कुणाचा एक पाय आखूड निघाला, लुगड्याचा काठ एका बाजूनं खाली सोडून झाकलेला. कुणाचे पुढचे दात हलत होते. एका मुलीनं दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या घातल्या होत्या. मी तिला म्हटलं, किती छान कासारणीनं भरल्यात गं, बघू. आणि बांगड्या वर सरकवल्या. खाली कोडाचा डाग, दहा पैशांएवढा. तिनं माझं मनगट धरलं आणि नुसतं धरून ठेवलं. मी तिची बोटं एक एक करून सोडवली, बाहेर गेले आणि सांगितलं. वाटेत मला भूक लागली होती एवढं मला स्पष्ट आठवतं.

मी स्वतःला सांगायची, आपण खोटं बोलत नाही. जे आहे ते आहे. मी काय डाग लावला का तिला? आज त्या पोरीचा विचार करते तेव्हा मला ती माझ्यापेक्षा हुशार वाटते. तिनं बरोबर जागा धरली होती. माझा हात.

आक्काला तीन स्थळं येऊन गेली. तिन्ही गेली ती गेलीच. कुणी कारण सांगितलं नाही, पण गावकुसाबाहेर गेल्यावर कुणी ना कुणी त्यांना सांगत असणार. चौथं आलं तेव्हा आक्का एकविसाची. त्या काळात एकवीस म्हणजे पोत्याच्या तळाचा माल. हे वाक्य माझंच, मी ते तेव्हा तिच्यासमोर म्हटलं होतं, तिच्या डाव्या बाजूला बसून.

चौथं स्थळ चाकणचं. घरची कांद्याची वखार, मुलगा चिंचवडला एका कारखान्यात फिटर, आठवडाभर तिकडं राहायचा आणि शनिवारी घरी. हुंडा नको म्हणाले. आई आदल्या दिवसापासून देवापुढून हलली नाही. तिनं बसायची जागासुद्धा ठरवली. पाहुणी उजवीकडं, आक्काची डावी बाजू भिंतीला. आणि मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "आज तुझी जीभ दावणीला बांध. हे गेलं तर हिचं झालं."

"मी कशाला काय बोलतीय?"

"तू बोलायच्या आधीच तुझं तोंड बोलतं. दुसरीकडं बघत बस."

मला राग आला. आतापर्यंत एकही सडका मी पुढं जाऊ दिला नव्हता, आणि आता माझ्याच घरात मला आंधळं व्हायला सांगत होते.

मुलगा, त्याचा मामा आणि त्याची म्हातारी आई असे तिघं आले. बाप्ये अंगणात बाजेवर बसले. म्हातारी आत आली. लहानखुरी, कपाळ मोठं, डोळे असे की आल्याआल्या आमच्या घराची कौलं मोजून झाली असतील. आक्कानं शिरा आणला, पाणी दिलं, सुईत दोरा ओवून दाखवला, तांदूळ निवडून दाखवले. म्हातारी विचारायची, आक्का तिच्या तोंडाकडं बघून नीट उत्तर द्यायची. आईचा जीव भांड्यात पडायला लागला होता.

मग म्हातारीनं मला जवळ बोलावलं. "तूच का ती? मान दाबून सांगणारी?"

"व्हय. मीच."

"आमच्या वखारीत पाच बाया निवडाय बसत्यात, तरी पोतं नासतं." तिनं कनवटीची पिशवी उघडली आणि त्यातून दोन कांदे काढले. मुलगी बघायला येताना कांदे घेऊन आलेली बाई मी त्यानंतर कुठं पाहिली नाही. "यातला कुठला सडकाय?"

मी दोन्हींच्या माना दाबल्या. "दोनी."

म्हातारी हसली. आई चुलीपाशी गेली होती. मला असं वाटलं, या जगात माझी भाषा बोलणारं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं. म्हातारीनं आवाज खाली आणला आणि हनुवटी आक्काकडं वळवली. "आन ह्यो?"

आता बघा, मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. "माझी बहीण हाय, मला काय विचारता" म्हटलं असतं तरी म्हातारी हसून सोडती. दोन श्वासांचा प्रश्न होता. पण त्या दोन श्वासांत माझ्या डोक्यात काय आलं? उद्या लग्न झाल्यावर हिचा कान कळणार, आणि ही म्हातारी चाकणभर सांगणार, की त्या पोरीला परक्याच्या घरातलं दिसतं आणि स्वतःच्या घरातलं दिसलं नाही. माझा अंगठा चुकला म्हणतील. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "वरनं कडक हाय. आतनं गेलेला कांदा. डावा कान बघा."

हेच शब्द. मी सत्तर वर्षं ते बदलायचा प्रयत्न करतेय, बदलत नाहीत.

म्हातारी उठली, शिंकाळं बघते असं दाखवत भिंतीच्या आणि आक्काच्या मधे शिरली, आणि तिच्या डाव्या बाजूला वाकून, लहान मुलाला अंगाई म्हणावी अशा आवाजात म्हणाली, "पोरी, तुझ्या पदराला इस्तू लागलाय."

आक्का हलली नाही. ती समोर बघत होती. माझ्याकडं. अगदी सरळ, माझ्या तोंडाकडं. मला वाटलं, मठ्ठच आहे.

चुलीपाशी आईच्या हातातलं तसराळं खाली गेलं. म्हातारी बाहेर अंगणात गेली, मुलाला गाडीपाशी घेऊन काही बोलली. मुलगा खाली मान घालून ऐकत होता, मग एकदा काहीतरी म्हणाला, मग पुन्हा मान खाली. आमच्या ओसरीपासून ते चाळीस पावलं लांब. मी खिडकीतून मुलाला निरखलं, आक्काही माझ्या मागं येऊन उभी होती. चालणं सरळ, दात धड, नखं स्वच्छ, फिटर असून. मानसुद्धा पाहिली मी. कडक होती.

म्हातारी परत आली आणि आबांना म्हणाली, "थोरली नको. धाकटी देत असाल तर आजच सुपारी फोडू."

आबा उभेच राहिले. थोरली घरात असताना धाकटीचं करायचं म्हणजे थोरलीच्या नावानं हात धुवायचे. ते आक्काकडं वळले आणि खुणेनं, शब्दानं, जमेल तसं सांगत विचारायला लागले. त्यांचं निम्मं बोलून व्हायच्या आत ती म्हणाली, "करा."

मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाचले असते. मला वाटलं, गुणाची कदर झाली. बाकीच्या पोरी रूपावर जातात, हुंड्यावर जातात, मी माझ्या अंगठ्यावर चालले. आई त्या रात्री आणि पुढं महिनाभर म्हणत राहिली, "काय बारीक नजरेची म्हातारी, कसं वळखलं असंल?" मी तिच्या शेजारी बसून उरलेला शिरा खाल्ला आणि म्हटलं, "अगं, असतात अशा बाया."

लग्नाच्या चार दिवस आधी कासारीण आली होती. माझा चुडा भरून झाला, कासारीण आईकडं आत गेली, आणि आक्का माझ्यासमोर येऊन बसली. माझे हात हातात घेतले. मला वाटलं, रडणार. रडली असती तर मी सांत्वन केलं असतं, तयारी होती माझी.

ती म्हणाली, "धाकटे, त्याचं चिंचवडला बिऱ्हाड हाय."

"कुणाचं?"

"तुझ्या नवऱ्याचं. बाई ठेवलीया. त्या दिशी गाडीपाशी म्हातारी त्याला म्हणाली, वखारीत राबाय बिनपगारी मिळतीया, तुझं तिकडलं तुझ्यापाशी. त्यो म्हणाला, हिला कळलं तर? म्हातारी म्हणाली, कळू दे की, जाती कुठं."

मला हसू फुटलं. खोटं सांगत नाही, पोट धरून हसले. "चाळीस पावलांवरचं तुला ऐकू आलं? तुला तर पदर पेटलेला ऐकू येत न्हाई."

"ऐकलं न्हाई. बघितलं."

"बघितलं म्हणं. आक्का, जळाय लागलं तर सरळ जळ की गं. उगा गोष्टी कशाला रचायच्या?"

तिनं माझे हात सोडले. चुड्यातली एक बांगडी वाकडी बसली होती, ती नीट केली. म्हणाली, "मी माझ्यापायी सांगितलं. उद्या म्हणशील, ठाऊक असून गप बसली." आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेली.

एवढं सगळं ऐकून ज्या मुलीनं गप्प बसून डोकं चालवायला हवं होतं, ती मुलगी आरशात स्वतःचा चुडा बघत बसली. कांद्यातलं कळतं, पोरीतलं कळतं, मग नवऱ्यातलं मला नाही कळणार? मी मान बघितली होती.

लग्न झालं. तिसऱ्या शनिवारी नवऱ्याचा सदरा धुवायला घेतला तर काखेत एक ठिगळ होतं. ते मी लावलेलं नव्हतं, सासूनं लावलेलं नव्हतं. आणि टाका इतका बारीक, इतका सारखा, की मी पहिल्यांदा काय विचार केला असेल? हा माझ्यापेक्षा चांगला आहे. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला. मी सदरा तसाच ओला हातात धरून दगडावर बसून राहिले. चिंचवडची ती बाई मी कधी पाहिली नाही, पण तिचे टाके पुढं कित्येक वर्षं धुतले.

नवरा वाईट नव्हता. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. शनिवारी यायचा, सोमवारी सकाळी जायचा, विचारलं की खाली बघायचा. त्याच्यात खोट शोधायला आधी तो हाताला लागायला हवा होता.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. एक दिवस वखारीत कांद्याच्या ढिगाशेजारी बसल्याबसल्या मी धीर केला. म्हटलं, "आत्याबाई, तुमच्या ल्योकाचं चिंचवडचं मला ठावं हाय."

तिचा हात थांबला नाही. "असू दे की."

"मी माह्येरी जाईन."

"जा. आन काय सांगशील?" तिनं एक कांदा माझ्याकडं टाकला. "माझ्या कानात तुझ्या सख्ख्या बहिणीला सडका कांदा म्हणालीस तू. मी मागितलं बी नव्हतं पुरतं, तू दिलंस. तवाच मी गाडीपाशी जाऊन पोराला म्हणाले, ही घ्यायची. जी घरचंच इकती ती घर सोडून जात न्हाई, तिला जायला घरच न्हाई. तुझ्या आईला सांगू का, तुझ्या थोरलीचं लगीन कुणी मोडलं त्ये? मान दाब, बाई, मान दाब. तो जोडकांदा बाजूला काढ."

मी जोडकांदा बाजूला काढला. ती म्हातारी पारखी होती, मी नव्हते. मी कांदे बघायची. ती कांदे बघणाऱ्यांना बघायची.

दीड वर्षानं आबा गेले. शेत चुलत्यानं कसायला घेतलं. त्याच सुमारास पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना सुरू झाला होता आणि बाटल्या धुवायला बाया घेत होते. आमचा मामा तिथं पहारेकरी. तो आक्काला घेऊन गेला, आणि आईही तिच्याबरोबर पिंपरीला मामाच्या शेजारच्या खोलीत राहायला गेली. आमच्या वखारीत ही बातमी आली तेव्हा मी म्हटलं, बहिरीला कोण ठेवणार, आठ दिवसांत परत येईल.

आठ दिवसांत काय झालं ते मामानं पुढं चाकणला आल्यावर सांगितलं. त्या धुण्याच्या खोलीत हजार बाटल्या एकमेकींवर आपटायच्या आणि यंत्रं वरून घरघरायची. साहेब ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि बायांना एक सांगितलं की दुसरंच कळायचं. आक्का लांबून साहेबाच्या तोंडाकडं बघायची आणि तो बोलायचा थांबायच्या आत काम व्हायचं. मग ती बाकीच्यांना हातानं सांगायची. सहा महिन्यांत तिला त्या बायांची मुकादम केलं. मामा म्हणाला, "पोरगी तोंडावरनं बोलणं वाचती. लहानपणापासनं वाचती म्हणं. तुमाला ठावं नव्हतं?"

मी मामासमोर भाकरी मोडत होते. गिरणी आठवली, गाडीपाशी खाली मान घातलेला मुलगा आठवला. आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवल्यावर मी ताट बाजूला सारलं. पदर पेटला म्हणत होती म्हातारी, तेव्हा आक्का माझ्या तोंडाकडं बघत होती.

तरीही मी गेले. आणखी तीन महिने काढले, आणि एका सोमवारी नवरा सायकल काढायच्या आधी मी पिशवीत दोन लुगडी घातली, आत्याबाईंना म्हटलं, आईला बघून येते, आणि पिंपरीला आले. बिऱ्हाड आक्काचं होतं. भाडं ती भरायची, आईला औषध ती आणायची. मला राहायचं असेल तर तिला विचारायला हवं होतं. आईनं तसंच सांगितलं. "माझं काय हाय त्यात? थोरलीला इचार. फाटकापाशी गाठ, दुपारी तिला अर्धा तास असतो."

मी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिले. दुपारची वेळ. बाया घोळक्यानं बाहेर आल्या, त्यांच्या मागून आक्का. हात पाण्यात राहून पांढरे पडलेले, केस फडक्यात बांधलेले, चालणं असं की मी तिला क्षणभर ओळखलं नाही. एक बाई लांबून तिला काही म्हणाली, आवाज न करता, नुसतं तोंड हलवून. आक्का हसली. आपली आपली अशी त्यांची भाषा झाली होती. मग मला बघून ती थांबली.

मी सगळं सांगितलं. बिऱ्हाड खरं आहे, टाके खरे आहेत, म्हातारी खरी आहे, तू खरं बोलत होतीस, मला इथं राहू दे, मीही बाटल्या धुवीन, माझी नजर चांगली आहे, बाटलीतला कण मला दिसेल. हेही म्हटलं मी. तिथंसुद्धा.

ती शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हा. माझी ना न्हाई."

मी तिथंच पदर खोचला.

"फकस्त एक. त्या दिशी म्हातारीच्या कानात काय म्हणालीस, ते माझ्या तोंडावर म्हण. त्येच शब्द. मग ये."

"आक्का, तुला ठाऊक हाय."

"मला ठावं हाय. तू म्हण."

वाक्य माझ्या जिभेवर होतं. नऊ शब्दांचं वाक्य. आयुष्यभर ज्या बाईनं परक्यांच्या पोरींबद्दल कुठंही, कुणाच्याही ओसरीवर, बिनदिक्कत बोलून दाखवलं, तिला ते म्हणता येईना. फाटकातून माणसं जात-येत होती. मी पदराची गाठ सोडली, बांधली. आक्का उभी. घाई नाही, राग नाही.

तेवढ्यात आत भोंगा सुरू झाला. सुट्टी संपल्याचा. कान फाटतील असा, लांबलचक. आणि मी काय केलं? त्या भोंग्याच्या आड, मान खाली घालून, ओठ जेमतेम हलवत, भराभर म्हणून टाकलं. वरनं कडक हाय आतनं गेलेला कांदा डावा कान बघा. माझं मलाही ऐकू आलं नाही.

भोंगा थांबला. आक्का म्हणाली, "तवा बी असंच. कुणाला ऐकाय जाणार न्हाई असं बघून." मग आईसाठी घेतलेली औषधाची पुडी माझ्या हातात दिली, "जाताना खोलीवर दे," म्हणाली, आणि बायांच्या मागं आत गेली. फाटक लागलं.

मी पुडी खोलीवर दिली. आईनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, जागा लहान हाय म्हणाली. हे खोटं होतं आणि मी पहिल्यांदाच बोलले होते, तरी आईनं लगेच खरं मानलं. आक्काच्या नावावर तेवढं अजून एक टाकून मी संध्याकाळच्या आत चाकणला पोचले. दोन लुगडी पिशवीतून काढली आणि दांडीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत ढिगापाशी बसले. आत्याबाई समोर. मी दोन-चार माना दाबल्या. मग तिनं वर न बघता विचारलं, "काय म्हणाले माह्येरचे?"

मी म्हटलं, "कांद्याचा भाव काय हाय, इचारत होते."

"सांगितलास?"

"सांगितला."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि पाटी माझ्याकडं सरकवली.